ट्रेलरची सुटलेली भिंत



संपादकबाईंचा लेखासाठी फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, मला काय लिहिता येतंय?" त्या म्हणाल्या, "पाककृती झाल्या, प्रवासवर्णनं झाली. आता काहीतरी उपयोगाचं लिहा. तुमच्या त्या ट्रेलरच्या भिंतीचं काय झालं होतं, तेच लिहा की!" आता त्या भिंतीची गोष्ट म्हणजे माझ्या शहाणपणाची गोष्ट नव्हे, मूर्खपणाची आहे. पण आपल्या मंडळात ट्रेलरवाली कुटुंबं आता बरीच झाली आहेत, आणि ज्यांच्याकडे नाही ते दर उन्हाळ्यात "यंदा घेऊच" म्हणतात. तेव्हा माझ्या फजितीचा कुणाला फायदा होत असेल तर होऊ दे.

कोविडच्या दिवसांत विमान नको, हॉटेल नको, घरच गाडीला बांधून न्यावं, ही कल्पना आमच्यासारखीच लाखो लोकांना सुचली. २०२१ या एका वर्षात उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आर.व्ही. बाहेर पडल्या. त्याआधी कुठल्याच वर्षी एवढ्या पडल्या नव्हत्या. आम्ही मात्र नवा घेतला नाही. २००४ सालचा, २४ फुटी, बाहेरून पत्र्याचा, आतून लाकडी दिसणारा असा ट्रॅव्हल ट्रेलर जुन्या बाजारभावात मिळाला आणि आम्ही खूश झालो.

पहिल्याच वर्षी लांबच्या प्रवासानंतर आतल्या भिंतीचं एक पॅनेल सुटलं. खालच्या बंकला लागून, खिडकीच्या खाली, जोडावर बोटभर फट. हायवेवर ते फडफडायचं म्हणे. मी गराजमधून शीटरॉकचे उरलेले दोन इंची स्क्रू आणले, ड्रिल घेतलं आणि पाच मिनिटांत आठ स्क्रू ठोकून मोकळा झालो. सौ. म्हणाली, "अहो, दिसायला फार वाईट दिसतंय." तिने त्यावर कालनिर्णय टांगलं. विषय संपला.

विषय संपला नव्हता, हे तीन वर्षांनी कळलं.

सासूबाईंचा हात

त्या मे महिन्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. मेमोरियल डेच्या सुट्टीत चार कुटुंबांनी मिळून लडिंग्टनला, लेक मिशिगनच्या काठी जायचं ठरलं होतं. गुडघ्यांमुळे सासूबाईंना वर चढवेना, म्हणून खालचा बंक त्यांचा. त्या तिथे बसून बघत होत्या आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, ही भिंत ओली लागतेय हो. आमच्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात असाच वास यायचा."

मी म्हटलं, "आई, तो एअर कंडिशनरचा गारवा असेल." कालनिर्णय बाजूला केलं तर पॅनेल पुन्हा सुटलेलं. मी ड्रिल आणायला गेलो. आठ स्क्रूंनी भागलं नाही तर सोळा, एवढं सोपं गणित!

तेवढ्यात समोरच्या घरातले म्हातारबुवा शिडी परत द्यायला आले. हे गृहस्थ आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त आहेत. ट्रेलरला वळसा घालून येता येता ते थांबले आणि बाहेरच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही पुटकुळी कसली?"

पत्र्यावर आतून फुगलेला एक बारीक फोड होता आणि त्याच्या टोकाला स्क्रूचं अणकुचीदार नाक दिसत होतं.

त्यांनी विचारलं, "ही भिंत किती जाडीची आहे?" मला माहीत नव्हतं. "लाकूड दीड इंच. त्यावर पाव इंचाहून पातळ प्लायवूड. तुझा स्क्रू किती?" मी म्हटलं, "दोन इंच." ते काही बोलले नाहीत. ड्रिल माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "आधी वायर उपट. मग भिंत उघडू."

भिंत उघडली. आठांपैकी चार स्क्रू लाकडात होते. तीन नुसते हवेत लोंबत होते, त्यांनी काहीच धरलं नव्हतं. आणि आठवा, पत्र्यावर पुटकुळी काढणारा, पांढऱ्या केबलला घासून गेला होता. वरचं आवरण फाडून तो आतल्या काळ्या तारेला टेकला होता. तांब्यापर्यंत पोहोचायला कागदाएवढी जाडी उरली होती.

याचा अर्थ नीट समजून घ्या. काळ्या तारेत १२० व्होल्ट असतात. प्रवासाच्या हादऱ्यांनी तो स्क्रू अजून थोडा घासला असता तर वीज स्क्रूवाटे बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात उतरली असती. अर्थिंग चांगलं असेल तर ब्रेकर पडतो आणि आपण वाचतो. पण कँपग्राउंडचं जुनं सॉकेट, किंवा तिसरी पिन तुटलेली एक्स्टेन्शन कॉर्ड मध्ये असेल, तर ब्रेकर पडत नाही आणि अख्खा ट्रेलर बाहेरून 'जिवंत' होतो. इथले लोक याला 'हॉट स्किन' म्हणतात. आतल्या माणसाला काही कळत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून जो दाराच्या कडीला हात लावेल, त्याला बसतो.

सासूबाई रोज पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी फेऱ्या मारतात. मी त्या रात्री जेवलो नाही.

भिंत असते तरी कशी?

आपण घराच्या भिंतीचा हिशेब ट्रेलरला लावतो, तिथेच चूक होते. घराच्या भिंतीत साडेतीन इंच खोलीची लाकडं असतात आणि त्यांच्या मधोमध वायर जाते. त्यामुळे छोटा स्क्रू तिथवर पोहोचत नाही. ट्रेलरमध्ये सगळा कारभार दीड इंचात असतो. त्यातच ग्लासवूलचं अस्तर, १२० व्होल्टच्या केबल, बॅटरीच्या १२ व्होल्टच्या वायरी आणि कधी पाण्याची नळी. इंचभर स्क्रूसुद्धा चुकीच्या जागी गेला तर वायर गाठतो.

ट्रेलरच्या भिंती मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिला आमच्यासारखा: लाकडी सांगाडा, बाहेर नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूडचं पॅनेल. हे पॅनेल स्टेपल आणि गोंदावर बसवलेलं असतं, वर लाकडाची किंवा वॉलपेपरची छपाई असते आणि दोन पॅनेलचा जोड लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीखाली झाकलेला असतो. दुसरा प्रकार बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासचा. त्यात बाहेरचा थर, मधला फोम आणि आतलं प्लायवूड दाबाखाली एकमेकांना चिकटवून अखंड सँडविच केलेलं असतं. एअरस्ट्रीम हा तिसराच प्रकार, त्याला आत-बाहेर ॲल्युमिनियम आणि रिव्हेट. त्याच्या दुरुस्तीचा या लेखाशी संबंध नाही.

या पातळ प्लायवूडला इथे 'लुआन' म्हणतात. नाव मूळचं फिलिपिन्समधलं. लाकूड आग्नेय आशियातल्या ज्या झाडांचं, त्यांचं आणि आपल्याकडच्या साल वृक्षाचं कूळ एकच. पण सालाचा वासा शंभर वर्षं टिकतो म्हणून या लुआनवर विसंबू नका. ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड असतं आणि पाणी लागलं की पापडासारखं होतं.

बहुतेक ट्रेलर इंडियानात एल्कहार्टच्या आसपास तयार होतात, तेव्हा आपल्यापासून फार लांब नाही. एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन तिथलं आर.व्ही. संग्रहालय पाहून या. जुने ट्रेलर कसे बांधत होते ते बघितलं की पुष्कळ गोष्टी समजतात.

आधी निदान, मग औषध

पॅनेल सुटलं म्हणजे रोग झाला असं नाही, ते रोगाचं लक्षण असू शकतं. तेव्हा स्क्रू हातात घेण्यापूर्वी तळहाताने पॅनेल ठिकठिकाणी दाबून बघा.

पॅनेल कडक आहे, दाबल्यावर आत जातं आणि परत येतं, डाग नाही, वास नाही: मग नुसते स्टेपल निसटले आहेत. ट्रेलर रस्त्यावर धावतो म्हणजे आपलं घर तासन् तास भूकंपात असतं. स्टेपल ढिले होणारच. ही दुरुस्ती सोपी.

पॅनेल मऊ लागतं, वॉलपेपरला फुगे किंवा तपकिरी ओघळ आहेत, कुबट वास येतो: मग पाणी शिरतंय. अशा वेळी पॅनेल घट्ट बसवणं म्हणजे गळूवर मलमपट्टी बांधून वरून सदरा घालणं. ओल आतच राहते आणि लाकूड कुजतं.

दुकानात दोन टोकांचा ओल मोजायचा मीटर मिळतो, तो जरूर घ्या. तो लाकडाला टोचायचा. साधारण १५ टक्क्यांच्या आत आकडा आला तर लाकूड कोरडं समजायचं. २० च्या वर गेला तर कुजवणाऱ्या बुरशीला आमंत्रण आहे असं समजा. आमच्या खिडकीखाली आकडा २८ होता. सासूबाईंच्या हाताला जे कळलं, ते मीटरने नंतर सांगितलं!

पाणी कुठून येतं? बहुतेक वेळा वरून: छताच्या कडा, छतावरच्या खिडक्या आणि व्हेंट, कोपऱ्यांच्या पट्ट्या, बाहेरचे छोटे दिवे, आणि खिडकीची चौकट. खिडकीच्या चौकटीमागे ब्युटिल टेप नावाची चिकट पट्टी असते, ती वर्षानुवर्षांच्या उन्हाने वाळते. शोधण्याची युक्ती अशी: वायर उपटलेली ठेवून एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून होजने हळू पाणी सोडायचं. सुरुवात खालून, मग थोडं वर, मग आणखी वर. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून येतो आणि भोक कुठे ते कळत नाही. आमच्याकडे चिरंजीव आत बसले होते आणि मी बाहेर. "बाबा, आलं!" अशी आरोळी आली तेव्हा पाणी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यावर होतं.

काम सुरू करण्यापूर्वी

म्हातारबुवांनी मला हा क्रम पाठ करायला लावला, तसाच देतो. यातली एकही पायरी गाळू नका.

१. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा आणि कोपऱ्यांचे जॅक खाली घ्या. हे जॅक ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नसतात.

२. बाहेरची मोठी वायर उपटा. नुसता ब्रेकर पाडू नका, वायर उपटून प्लग डोळ्यांसमोर ठेवा. जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा.

३. बॅटरी सोडवा. आधी उणे टोक, मग अधिक. छतावर सोलर पॅनेल असेल तर तेही सोडवा, कारण ऊन आहे तोवर ते वीज देतच राहतं. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक हसतात, पण त्या वायरी एकमेकींना टेकल्या तर ठिणगी पडते आणि ग्लासवूलच्या कागदाला, लाकडाला आग लागू शकते.

४. खात्री करा. न टेकता वीज ओळखणारा पेनासारखा टेस्टर स्वस्त असतो. पण वायर उपटण्यापूर्वी तो चालू सॉकेटवर धरून वाजतो ना ते बघा, नाहीतर मेलेला टेस्टर "वीज नाही" असंच सांगणार. आणि हा टेस्टर १२ व्होल्टची डी.सी. वीज ओळखत नाही. म्हणून तर बॅटरी सोडवायची.

५. गॅसच्या दोन्ही टाक्या बाहेरून बंद करा. गॅसची मुख्य नळी सहसा जमिनीखालून जाते, पण शेगडी, फ्रिज, हीटर यांच्यामागे ती वर येते. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला तर जमिनीलगत साचून राहतो. आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: गॅसची सूचना देणारं यंत्र बहुधा ट्रेलरच्या बॅटरीवरच चालतं. बॅटरी सोडवली की ते मुकं होतं. म्हणून टाक्या बंद हव्यातच.

६. पाण्याचा पंप बंद करून नळ उघडा, म्हणजे नळीतला दाब जाईल.

७. खिडक्या-दारं उघडा. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि एन-९५ मास्क घाला. कोविडमधले उरलेले मास्क कुठेतरी असतीलच. ग्लासवूलची खाज काय असते ते एकदा अनुभवलं की सदऱ्याचं महत्त्व पटतं.

ट्रेलर १९८० च्या आधीचा असेल तर एक इशारा. त्या काळच्या रंगात शिसं आणि फरशांत किंवा हीटरजवळच्या तक्त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासण्याआधी, कापण्याआधी नमुना तपासून घ्या.

उघडताना

जोडावरची पट्टी रुंद पात्याच्या पटाशीने हळूहळू उचला. बऱ्याच पट्ट्यांच्या मधोमध प्लॅस्टिकची फीत असते, ती ओढली की खाली स्क्रू दिसतात. स्टेपल पकडीने एकेक काढा. पॅनेलला हिसका देऊ नका. एक तर ते फाटतं आणि दुसरं म्हणजे मागे वायर त्यालाच चिकटलेली असू शकते.

पॅनेल अनेकदा कपाटांच्या मागे गेलेलं असतं, कारण कारखान्यात आधी भिंत आणि मग कपाटं बसवतात. पूर्ण पॅनेल निघत नाही. तेव्हा पट्टीखाली झाकला जाईल अशा ठिकाणी ते कापावं लागतं. साध्या धारदार चाकूने, पट्टी धरून, चार-पाच वेळा हलक्या हाताने चिरा. गोल पात्याची करवत वापरू नका. पॅनेलच्या जाडीपलीकडे एक दोराही पातं जाता कामा नये.

खिडकी आड येत असेल तर आतली चौकट काढावी लागते. बऱ्याच ट्रेलरमध्ये आतल्या चौकटीच्या स्क्रूंनीच बाहेरची खिडकी धरून ठेवलेली असते. शेवटचा स्क्रू काढताना बाहेर एक माणूस काच धरून उभा हवा. आमच्याकडे सौ. उभी होती आणि "अहो, लवकर, हात दुखायला लागले" हे मी अकरा वेळा ऐकलं.

पॅनेल निघाल्यावर पहिलं काम म्हणजे फोटो. कुठे लाकूड, कुठे केबल, कुठे नळी. मग मास्किंग टेपवर तीच रेघ शेजारच्या भिंतीवर चिकटवा, म्हणजे बंद करताना आत काय आहे ते विसरणार नाही.

आत काय दिसलं तर

ओलं ग्लासवूल पिशवीत भरून टाकून द्या, ते वाळवून परत बसवण्यात अर्थ नाही. लाकूड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं तर ते लाकूड मेलं. थोडंसंच कुजलं असेल तर तेवढं काढून शेजारी नवं दीड इंची लाकूड जोडता येतं. पंखा आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र लावून आकडा १५ च्या खाली येईपर्यंत वाट बघा. आम्हाला नऊ दिवस लागले.

बुरशी साधारण तीन फूट बाय तीन फूट जागेपेक्षा कमी असेल तर साबणाच्या पाण्याने घासून स्वतः काढता येते, असा इथल्या पर्यावरण खात्याचा सल्ला आहे. त्याहून जास्त असेल तर जाणकाराला बोलवा. घरात कुणाला दमा असेल तर थोडी असली तरी त्या माणसाला लांब ठेवा. आणि ब्लीच व अमोनिया कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

केबलचं आवरण फाटलं असेल तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. आमच्या केबलचा तो तुकडा म्हातारबुवांनी स्वतः बदलून दिला आणि स्क्रू माझ्या हातात ठेवला. तो अजून गराजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

आणि सगळ्यात आधी गळती बंद करा. खिडकीला नवी ब्युटिल टेप, छतावर त्या छताला चालेल असं लॅप सीलंट. घरातलं बाथरूमचं सिलिकॉन रबरी छतावर धरत नाही, उलट नंतरचं योग्य सीलंटही धरू देत नाही. होजची परीक्षा पुन्हा घ्या. पास झाल्याशिवाय भिंत बंद करायची नाही.

परत बसवताना

नवं प्लायवूड घेताना त्यावर 'टी.एस.सी.ए. टायटल सिक्स'चा शिक्का बघा. २००५ च्या कतरिना वादळानंतर सरकारने हजारो कुटुंबांना ट्रेलर दिले होते. त्यांतल्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वासाचा त्रास होऊ लागला. २००७-०८ च्या हिवाळ्यात सी.डी.सी.ने ५१९ ट्रेलर आणि फिरती घरं तपासली, तेव्हा हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण सरासरी अब्जात ७७ भाग निघालं. बाहेरच्या हवेपेक्षा ते कितीतरी जास्त होतं. हा वायू प्लायवूडच्या गोंदातून सुटतो. २०१० साली त्यावर कायदा झाला आणि हा शिक्का त्यातूनच आला. छोट्या बंद जागेत मुलं झोपतात, तेव्हा चार डॉलर वाचवू नका.

केबल लाकडातून जाते तिथे लाकडाच्या तोंडावर लोखंडी संरक्षक पट्टी ठोका, म्हणजे पुढचा शहाणा स्क्रू मारायला आला तरी तो तिथेच अडेल. नवं ग्लासवूल भरा, पण कोंबू नका. लाकडांवर कन्स्ट्रक्शन ॲढेसिव्हची बारीक नागमोडी रेघ द्या. ज्याच्या डब्यावर ज्वालाग्राही लिहिलंय असा गोंद शक्यतो टाळा, आणि कुठलाही गोंद वापरताना खिडक्या उघड्या, काडी-लायटर लांब.

पॅनेल बसवा. कडेला नाण्याच्या जाडीएवढी फट सोडा, कारण उन्हाळ्यात-हिवाळ्यात लाकूड फुगतं, आखडतं. मग स्क्रू. फक्त लाकडात, फोटो आणि टेपची रेघ बघून. लांबी एक इंच, सव्वा इंचाच्या पुढे कधीच नाही. आठ-दहा इंचांवर एक पुरे. त्यावर रंगाला जुळणारी टोपी आणि जोडावर पट्टी. गोंद धरेपर्यंत दाब हवा. त्यासाठी समोरच्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत आडवी फळी अडकवायची आणि दोन्ही टोकांना मऊ कापड लावायचं. आम्ही सासूबाईंनी आणलेल्या गोधडीची घडी लावली. "गोधडी एवढ्या लांबून याच्यासाठी आणली होती होय?" असं त्या म्हणाल्या, पण हसत.

चोवीस तास तसंच ठेवा. मग बॅटरी जोडा, आधी अधिक टोक, मग उणे. वायर लावा. गॅसच्या नळीला कुठे धक्का लागला असेल तर टाकी उघडून जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर लगेच टाकी बंद. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅस अशा तिन्ही सूचक यंत्रांची बटणं दाबून बघा आणि त्यांच्यावरची मुदतीची तारीखही वाचा. आमचं गॅसचं यंत्र ट्रेलरएवढंच जुनं निघालं! शेवटी दहा मैल चक्कर मारून या आणि पॅनेल पुन्हा दाबून बघा.

हे मात्र स्वतः करू नका

फायबरग्लासची चिकटवलेली भिंत फुगली असेल तर स्क्रू मारून ती बसत नाही. फोम आणि प्लायवूड एकमेकांपासून सुटलेले असतात. चुकीचा गोंद सोडला तर त्यातल्या द्रावणाने फोम विरघळतो. हातभर फुगा असेल तर जाणकाराला दाखवा. कोपऱ्याचा खांब, जमिनीलगतचं आडवं लाकूड किंवा छताचा वासा कुजला असेल तर ट्रेलर रस्त्यावर काढूच नका. गॅसची नळी हलली असेल, किंवा केबल दुखावली असेल आणि तुम्हाला त्यातलं कळत नसेल, तर परवानाधारक माणूस बोलवा. त्याची फी जास्त वाटते खरी, पण ती कशाच्या बदल्यात आहे ते मी वर लिहिलंच आहे.

शेवटी

आमची मेमोरियल डेची सहल हुकली. बाकीची तीन कुटुंबं गेली. मुलं दोन दिवस फुगून बसली होती. सगळं सामान शंभर डॉलरच्या आसपास आलं आणि तीन शनिवार-रविवार गेले. जुलैत आम्ही लडिंग्टनला गेलो. सासूबाई त्याच खालच्या बंकवर झोपल्या आणि पहाटे नेहमीप्रमाणे अनवाणी बाहेर पडल्या. मी खिडकीतून बघत होतो. परत येताना त्यांनी दाराच्या कडीला हात लावला, दार उघडलं आणि विचारलं, "जावईबापू, एवढे का बघताय? चहा टाकू का?"

म्हटलं, "टाका."

आता एक विनंती. ट्रेलरवाल्यांनी यंदा पहिल्या सहलीच्या आधी एक तास काढून भिंतींवरून नुसता हात फिरवा, विशेषतः खिडक्यांच्या खाली आणि कोपऱ्यांत. छतावरचं सीलंट दर तीन-चार महिन्यांनी बघा. आणि माझ्यासारखे कुणी पूर्वी लांब स्क्रू मारून कॅलेंडर टांगून बसले असाल, तर लाजू नका, पण वायर उपटून ते काढून बघा. कुणाला सोबत हवी असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठा. ओल मोजायचा मीटर, टेस्टर आणि मी, तिघेही येऊ. चहा मात्र तुमच्याकडे.